‘सेन्सरचा किरकोळ प्रॉब्लेम’ किती किरकोळ?

ट्रिपला निघताना गाडीपाशी पहिलं भांडण कशावरून होतं? पुढच्या सीटवरून. ‘पुढे मी बसणार’ असं जो आधी ओरडेल, त्याची ती जागा. मग गाणी त्याच्या हातात, एसीचं बटण त्याच्या हातात आणि घाटातली रील काढायचा मानही त्याचाच. या भांडणात एक प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही. त्या सीटसमोरच्या डॅशबोर्डमध्ये एअरबॅग आहे का? आणि असली, तर ती चालू आहे का?

बोअर प्रश्न आहे, मान्य. पण जरा थांबा. आपल्या देशात आता नव्या गाड्यांपेक्षा जुन्या गाड्या जास्त विकल्या जातात. म्हणजे तुमच्यातल्या अनेकांची पहिली चारचाकी सेकंड-हँडच असणार. काहींच्या घरी ती आलीही असेल. आणि गाडी बघायला जाताना घरातला ‘टेक्निकल माणूस’ म्हणून तुम्हालाच बरोबर नेतात. बाबा किमतीचं बोलतात, काका टायरला लाथ मारून बघतात आणि तुम्ही मोबाइल स्क्रीनला कनेक्ट होतो का ते तपासता.

त्याच वेळी डॅशबोर्डवर एक छोटासा दिवा जळत असतो. बेल्ट लावून बसलेल्या माणसाचं चित्र आणि त्याच्यासमोर एक गोल फुगा. त्याबद्दल विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘तो होय? काही नाही साहेब, सेन्सरचा किरकोळ प्रॉब्लेम आहे. इंजिनचं बोला, इंजिन एकदम मक्खन.’

माझं म्हणणं एवढंच आहे, की हे वाक्य ऐकलं की सौदा तिथेच थांबवायचा. तो दिवा का जळतोय हे जोपर्यंत कागदावर लिहून मिळत नाही, तोपर्यंत टोकनसुद्धा द्यायचं नाही. आणि हे लिहून देणं विकणाऱ्याच्या मर्जीवर सोडता कामा नये. गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याच्या नियमाचाच तो भाग झाला पाहिजे.

दिवा नेमकं काय सांगतो?

एअरबॅग म्हणजे नुसती घडी घालून ठेवलेली पिशवी असा आपला समज असतो. खरं तर ती एक साखळी आहे. गाडीच्या पुढच्या भागात धडक ओळखणारे सेन्सर असतात. गिअरच्या आसपास, कन्सोलखाली एक छोटा कॉम्प्युटर असतो. धडक किती जोराची आहे हे तो ठरवतो आणि बॅगेला इशारा देतो. मग बॅगेमागची रासायनिक दारू पेट घेते आणि तिच्या वायूने बॅग फुगते. हे सगळं सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षाही कमी वेळात होतं. त्याच क्षणी सीट बेल्टही आतून ओढला जातो आणि तुम्हाला सीटला घट्ट धरून ठेवतो. बेल्ट आणि बॅग ही जोडी आहे. बेल्ट नसेल तर तुम्ही फुगणाऱ्या बॅगेवर आपटता, आणि तो मार जीवघेणा ठरू शकतो.

या साखळीतली एक जरी कडी तुटली तरी कॉम्प्युटरला ते कळतं. गाडी चालू केली की तो सगळं तपासतो. त्या काही सेकंदांत दिवा पेटतो आणि सगळं ठीक असेल तर आपोआप विझतो. विझला नाही, तर कुठेतरी बिघाड आहे. काही गाड्यांत अशा वेळी यंत्रणेचा एक भाग बाजूला पडतो, काहींत सगळीच यंत्रणा बंद होते. नेमकं काय बंद आहे, हे नुसत्या दिव्याकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. तुम्हाला नाही, विकणाऱ्याला नाही आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकलाही नाही.

म्हणूनच ‘किरकोळ’ हा शब्द फसवा आहे. बिघाड किरकोळ असूही शकतो. सीटखालचा एक कनेक्टर सैल झालेला असतो, तो नीट बसवला की काम झालं. पण तसं असेल, तर विकणाऱ्याने तो बसवून, दिवा घालवून मगच गाडी का नाही दाखवली? गाडी विकायची म्हणून त्याने पॉलिश मारलं, सीट धुतल्या, टायरला चकाकी आणली. मग एवढं एक ‘किरकोळ’ काम कसं राहिलं?

पुढची डावी सीट, सगळ्यात शेवटी आठवलेली

आता तुमच्या लाडक्या पुढच्या सीटकडे येऊ. सेकंड-हँड बाजारात ही सीट सगळ्यात बेभरवशाची आहे, आणि त्याला थोडा इतिहास आहे. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून कारमध्ये ड्रायव्हरसाठी एअरबॅग बंधनकारक झाली. शेजारच्या सीटसाठीची एअरबॅग नव्या मॉडेलना १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची झाली. आधीपासून बाजारात असलेल्या मॉडेलना मुदतवाढ मिळत मिळत ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत सवलत होती.

याचा अर्थ असा, की तुम्ही २०२० ची एखादी बेस मॉडेल हॅचबॅक बघत असाल, तर ड्रायव्हरसमोर बॅग असेल आणि तुमच्यासमोर नुसतं प्लास्टिक. २०१९ च्या आधीच्या बेस मॉडेलमध्ये दोन्हीकडे प्लास्टिक असू शकतं. त्यामुळे ‘गाडीला एअरबॅग आहे’ हे उत्तर अपुरं आहे. किती आहेत आणि कुठे आहेत, हे विचारा. डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला ‘एसआरएस एअरबॅग’ असं कोरलेलं असतं, ते स्वतः बघा.

बॅग आहे असं धरू. आता सीटखाली काय आहे ते बघू. आपल्याकडच्या बहुतेक साध्या गाड्यांत पुढच्या डाव्या सीटच्या फोममध्ये एक पातळ मॅट असते. वजन पडलं की तिला कळतं, कुणीतरी बसलंय. मग बेल्ट लावला नसेल तर गाडी टिंगटिंग करते. म्हणून लॅपटॉपची बॅग सीटवर ठेवली तरी ती ओरडते. महागड्या किंवा परदेशातून आलेल्या काही गाड्यांत याहून हुशार सेन्सर असतो. बसलेलं माणूस मोठं आहे की लहान मूल, याचा तो वजनावरून अंदाज घेतो आणि मूल असेल तर समोरची बॅग बंद ठेवतो. त्या सेन्सरचा अंदाज चुकायला लागला, की धडधाकट माणूस बसलेला असतानाही बॅग बंद राहू शकते.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. अनेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सजवळ किंवा डॅशबोर्डच्या डाव्या कडेला किल्लीने फिरवायचा एक स्विच असतो. पुढच्या सीटवर लहान बाळाची उलट्या तोंडाची सीट लावावी लागली, तर त्या बाजूची एअरबॅग बंद करता यावी म्हणून तो दिलेला असतो. समजा, आधीच्या मालकाने बाळासाठी तो बंद केला. बाळ मोठं होऊन शाळेत जायला लागलं, गाडी विकली गेली आणि स्विच तसाच राहिला. गाडीत बिघाड काहीच नाही. फक्त तुमच्यासमोरची बॅग झोपलेली आहे. ‘पॅसेंजर एअरबॅग ऑफ’ असा एक छोटा दिवा कुठेतरी कोपऱ्यात जळत असतो आणि त्याचा अर्थ कुणी वाचत नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. चालू एअरबॅगसमोर लहान मूल बसवणं धोक्याचं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशीला झालेल्या अपघातात एअरबॅग उघडल्यावर पुढच्या सीटवरच्या सहा वर्षांच्या मुलाचा जीव गेला. तेव्हा भाचा-भाची कितीही हट्ट करोत, त्यांची जागा मागे. आणि तुमची जागा पुढे असेल, तर पाय डॅशबोर्डवर नकोत. रीलमध्ये ते कूल दिसतं, पण खालून बॅग उघडली तर ते पाय तुमच्याच तोंडावर येतील.

बिघडतं कसं?

कारणं आपल्या रोजच्या वापरातली आहेत. सीटवर चहा सांडतो. कुणी मागचं सामान काढायला सीटवर गुडघा रोवून उभं राहतं. ॲक्सेसरीजच्या दुकानात नवं सीट कव्हर ताणून बसवताना खालच्या वायरी ओढल्या जातात. सीट पुढे-मागे सरकवताना पाण्याची बाटली कनेक्टरवर अडकते. पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर शिरतो आणि वायरिंगच कुरतडतो. स्टिअरिंगच्या मागे गुंडाळलेल्या पट्टीसारखी एक केबल असते. ती तुटली की हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणं बंद पडतात आणि एअरबॅगचा दिवाही लागतो. हॉर्न वाजत नसलेली गाडी बघायला मिळाली, तर ‘हॉर्न काय, पाचशे रुपयांत होईल’ असं म्हणून पुढे जाऊ नका.

पुराचं पाणी हे वेगळंच प्रकरण. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर आठवा, जुलै २०२१ चं चिपळूण आठवा. गाड्या छपरापर्यंत पाण्यात होत्या. एअरबॅगचा कॉम्प्युटर आणि सीटखालचे कनेक्टर गाडीच्या तळाशीच असतात. गाडी धुऊन, वाळवून, परफ्यूम मारून चालू करता येते. पण कनेक्टरमध्ये चढलेला गंज कधी त्रास देईल ते सांगता येत नाही. अशी गाडी दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यात गेली की तिचा पूर तिच्याबरोबर जात नाही. जाते ती फक्त स्वस्त किंमत.

दिवा विझवण्याचे धंदे

इथपर्यंत सगळं नशिबाने किंवा निष्काळजीपणाने झालेलं. आता मुद्दाम केलेलं.

मोठा अपघात झाला, बॅगा उघडल्या. आता ती गाडी नीट दुरुस्त करायची तर बॅगा बदलायच्या, बेल्ट बदलायचे, बहुतेक वेळा कॉम्प्युटर बदलायचा आणि फाटलेला डॅशबोर्डही. जुन्या गाडीच्या किमतीचा मोठा तुकडा यातच जातो. मग काही जण शॉर्टकट घेतात. डॅशबोर्ड भरून, रंगवून, वर कव्हर चढवतात. आत बॅगच नसते. बॅग आहे असं कॉम्प्युटरला भासवण्यासाठी तिच्या जागी वायरीत एक छोटा रेझिस्टर टाकतात. काही ठिकाणी तर दिव्याचं कनेक्शन काढून टाकतात, नाहीतर दुसऱ्या एखाद्या दिव्याला जोडतात, म्हणजे दोन्ही एकत्र पेटतात आणि एकत्र विझतात.

म्हणून दिवा जळत राहणं वाईट, पण किल्ली फिरवल्यावर तो अजिबातच न पेटणं त्याहून वाईट. जळणारा दिवा निदान प्रामाणिक असतो.

जुन्या किंवा नकली बॅगा बसवण्याचा प्रश्न जगभर आहे. अमेरिकेतल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने २०२४ मध्ये इशारा दिला, की अपघातानंतर दुरुस्त केलेल्या काही सेकंड-हँड गाड्यांत स्वस्तातले, दर्जाहीन इन्फ्लेटर बसवले गेले आणि ते फुटून चालकांचे जीव गेले. अशा अपघातात बॅग वाचवण्याऐवजी धातूचे तुकडे फेकते. ताकाता या जपानी कंपनीच्या अस्सल बॅगांचंही असंच झालं होतं. त्यातलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडत गेलं. जगभरातून कोट्यवधी इन्फ्लेटर परत मागवावे लागले आणि २०१७ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. आपल्याकडेही त्या बॅगांसाठी गाड्या परत बोलावल्या गेल्या. उष्ण आणि दमट हवा हे कारण ऐकून मुंबई-कोकणातल्या वाचकांनी कान टवकारायला हरकत नाही.

आणि काही फसवणूक तर आपण स्वतःच स्वतःची करतो. बेल्टच्या खाचेत घालायची ती छोटी क्लिप आठवतेय? टिंगटिंग बंद करणारी. कधीकधी त्यावर गाडीच्या कंपनीचा चकचकीत लोगोही असतो. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना अशा क्लिपा विक्रीतून काढायला लावल्या. एकूण १३,११८ लिस्टिंग काढल्या गेल्या. सेकंड-हँड गाडीत अशी क्लिप सापडली, तर गाडी कशी वापरली गेली याचा अंदाज तिथेच येतो. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये बेल्ट न लावलेले १६,७१५ जण देशात मृत्युमुखी पडले. त्यातले ८,३३१ प्रवासी होते. जवळजवळ निम्मे स्टिअरिंगवर नव्हते, शेजारी किंवा मागे बसले होते. तुमच्या-माझ्यासारखे.

मग तपासायचं कुणी?

इथे खरी गंमत आहे, आणि राग यावा अशी आहे. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं. एवढ्या काळात गाडी तीनदा विकली गेली, तरी तिची एअरबॅग चालू आहे का, हे कुठलंही सरकारी कार्यालय विचारत नाही. पीयूसी धूर बघते. इन्शुरन्सच्या कागदावर तारीख बघतात. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० भरतो, त्यात इंजिन नंबर असतो, चेसिस नंबर असतो, कर्ज फिटलं का ते असतं. धडकेत माणूस वाचणार का, हा रकाना नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी नियम आणले, ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. डीलरने नोंदणी करायची, गाडी ताब्यात आली की कळवायचं, तिच्या फेऱ्यांची नोंद ठेवायची. चांगलं झालं. विकलेली गाडी कुणाच्या नावावर फिरतेय हा घोळ त्याने कमी होईल. पण हे नियम मालकीबद्दल आहेत. गाडीच्या प्रकृतीबद्दल डीलरने काय सांगायचं, हा प्रश्न तसाच राहिला.

रिकॉलचंही तेच. सदोष गाड्या सक्तीने परत बोलावण्याची तरतूद २०१९ च्या कायदादुरुस्तीत आली आणि तिचे नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाले. पण ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी आहेत. तुमच्या बजेटमध्ये बसणारी गाडी किती वर्षांची आहे? शिवाय कंपनी कळवते ते तिच्याकडे नोंद असलेल्या मालकाला. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एअरबॅगचा कंट्रोलर बदलण्यासाठी १७,३६२ गाड्या बोलावल्या होत्या. त्यातली एखादी गाडी दुरुस्तीआधीच विकली गेली असेल, तर तो निरोप जुन्या मालकाच्या मोबाइलवर गेला. नव्या मालकाला कोण सांगणार?

माझी मागणी फार मोठी नाही. नाव बदलण्याच्या अर्जाला एक पान जोडा. गाडीत किती एअरबॅग आहेत, त्या कधी उघडल्या होत्या का, दिवा किल्ली फिरवल्यावर पेटून विझतो का आणि एखादा रिकॉल बाकी आहे का, हे विकणाऱ्याने सहीनिशी लिहून द्यावं. डीलर असेल तर त्याने स्कॅनचा रिपोर्ट जोडावा. आणि अपघातात बॅगा उघडल्याचा क्लेम इन्शुरन्स कंपनीकडे आला असेल, तर त्याची नोंद गाडीच्या नंबरवर कुणालाही बघता यावी. चलन किती बाकी आहेत हे आज मोबाइलवर दोन मिनिटांत कळतं, मग हे कळायला काय अडचण आहे?

यावर डीलर म्हणतील, एवढी कटकट केली तर गाड्या महाग होतील. थोड्या होतीलही. पण आज जी गाडी स्वस्त मिळते, ती नेमकी कशामुळे स्वस्त आहे हे तुम्हाला माहीत नसतं. हा फायदा तुमचा नव्हे, विकणाऱ्याचा आहे.

‘आमच्या ८०० ला कुठे होती बॅग?’

हा प्रश्न घरातून येणारच. बाबा किंवा आजोबा विचारतील, ‘आम्ही मारुती ८०० मध्ये सहा जण कोंबून महाबळेश्वर केलंय, काय झालं?’ त्यांच्याशी भांडू नका, पण दोन गोष्टी सांगा. एक, रस्ते बदललेत. समृद्धी महामार्गावर गाड्यांना ताशी १२० किलोमीटरची परवानगी आहे. त्या वेगात धडकेचं गणित फार वेगळं होतं. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, हे अकरावीच्या फिजिक्समध्ये आपण सगळ्यांनी घोकलंय.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ८०० मध्ये बॅग नव्हती आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. गाडीने खोटं आश्वासन दिलं नव्हतं. आजच्या गाडीत स्टिअरिंगवर ‘एअरबॅग’ असं लिहिलेलं असतं, तुम्ही त्याचे पैसे मोजता, त्या भरवशावर वेग वाढवता आणि आत काहीच नसतं. बॅग नसलेल्या गाडीपेक्षा बॅग असल्याचा देखावा करणारी गाडी वाईट.

‘आम्हाला परवडत नाही’ हा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याची चेष्टा करता येणार नाही. तीन लाखांच्या बजेटमध्ये सहा एअरबॅगवाली गाडी मिळत नाही. पण मी महाग गाडी घ्या म्हणतच नाहीये. आहे त्या बजेटमधल्या तीन गाड्यांपैकी कुठल्या गाडीची बॅग जिवंत आहे, एवढं बघा. ते तपासायला नव्या सीट कव्हरपेक्षा कमी पैसे लागतात.

गाडी बघायला गेलात की...

सगळ्यात आधी किल्ली फिरवा आणि थांबा. इंजिन लगेच चालू करू नका. एअरबॅगचा दिवा पेटला पाहिजे आणि काही सेकंदांत एकटाच, आपला आपण विझला पाहिजे. दुसऱ्या कुठल्या दिव्याबरोबर जोडीने विझत असेल तर शंका घ्या. मग पुढच्या डाव्या सीटवर मित्राला बेल्ट न लावता बसवा. सीट बेल्टची खूण आणि आवाज आला पाहिजे. बेल्ट लावल्यावर तो थांबला पाहिजे. सीटवर कुणी नसतानाही आवाज येत असेल, किंवा बसल्यावरही गप्पच असेल, तर मॅट किंवा वायरिंग गेलंय. २०१९ च्या मध्यानंतर बनलेल्या गाड्यांत दोन्ही पुढच्या सीटना ही आठवण सक्तीची आहे, तेव्हा ‘या मॉडेलला येतच नाही’ हे उत्तर त्या गाड्यांना लागू नाही.

पॅसेंजर एअरबॅगचा किल्लीचा स्विच आहे का ते शोधा आणि तो चालूवर आहे ना बघा. डॅशबोर्डच्या डाव्या बाजूवर हात फिरवा. रंगात फरक, शिलाई, भरलेली भेग, उगाच चढवलेलं कव्हर असं काही दिसलं तर कारण विचारा. दोन्ही बेल्ट पूर्ण बाहेर ओढा आणि सोडा. ते सरळ परत गेले पाहिजेत. अडकणारा किंवा सैल लोंबणारा बेल्ट अपघाताची खूण असू शकते. बेल्टच्या तळाशी चिखलाची रेघ दिसली, तर ती पुराची. सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ असं लेबल असेल, तर त्यावर जाड शिवलेलं कव्हर नको. तिथून साइड एअरबॅग बाहेर येते. पुढे लोखंडी बुल बार लावलेला असेल, तर धडक सेन्सरपर्यंत जशी पोचायला हवी तशी पोचत नाही. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं होतं.

यानंतर गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या आणि एअरबॅग यंत्रणेचं स्कॅनिंग मागा. इथे एक खाचखळगा आहे. ऑनलाइन मिळणारा स्वस्त ओबीडी स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड वाचतो. त्यात ‘नो फॉल्ट’ आलं म्हणून एअरबॅग ठीक आहे असं होत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीची जुनी सर्व्हिस हिस्ट्रीही मागा, आणि चेसिस नंबरवरून रिकॉल बाकी आहे का ते विचारा. बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइटवरही हे बघता येतं. रिकॉलचं काम फुकट होतं, गाडी कितव्याही हातात असो.

इंजिनीअरिंगवाल्यांना एक विनंती. सीटखालचे किंवा स्टिअरिंगखालचे पिवळे कनेक्टर म्हणजे एअरबॅगच्या वायरी. मल्टिमीटर घेऊन तिथे प्रयोग करू नका. यूट्यूबवर दिवा घालवण्याचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. त्यातले बरेचसे दिवा घालवतात, बिघाड नाही. आणि त्या वायरीच्या टोकाला दारू आहे.

विकणाऱ्याने ‘बॅगा चालू आहेत’ असं सांगितलं, तर ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. फसवणूक झाली आणि डीलर हात वर करू लागला, तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, आणि तिथे लेखी शब्दाला वजन असतं. नव्या गाडीबाबतचा एक निकाल माहीत असू द्या. २०२२ मध्ये ह्युंदाई क्रेटाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने निकाल कायम ठेवला. अपघातात एअरबॅग उघडल्या नव्हत्या. धडकेचा जोर पुरेसा नव्हता, असं कंपनीचं म्हणणं होतं. वेग आणि बलाची गणितं मांडून गाडी घेणारा ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता.

हे सगळं फक्त गाडी विकत घेतानाच करायचं असं नाही. गोव्यात भाड्याने गाडी घेताना, मित्राच्या काकांची गाडी ट्रिपसाठी मागून आणताना, ऑफिसच्या कॅबमध्ये पुढे बसतानासुद्धा दिव्याकडे एक नजर टाका. जळत असेल तर विचारा. ‘एवढं काय त्यात’ असं कुणी म्हणालं, तर म्हणू द्या. ग्रुपमध्ये एक जण तरी असा कटकट्या हवाच.

येत्या दिवाळीत, पाडव्याला तुमच्या ओळखीत कुणीतरी गाडी घेणारच आहे. बहुतेक सेकंड-हँड. तुम्हालाही बघायला बोलावतील. ॲव्हरेज किती, रनिंग किती, लास्ट किती, हे विचारणारे तिथे भरपूर असतील. तुम्ही किल्ली मागा, दिवा बघा, आणि पुढच्या डाव्या सीटवर कोण बसणार आहे ते आठवून मग ‘हो’ म्हणा.